ट्रेकिंग शूज रोज घातले तर किती टिकतात? सोल, फोम आणि 'वॉटरप्रूफ'चं खरं गणित

जून जवळ आला की माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज यायला लागतात. पहिला, "या रविवारी कुठं?" आणि दुसरा, "अडीच-तीन हजारांत चांगले ट्रेकिंग शूज सांग, जे रोज कॉलेजला किंवा ऑफिसला पण चालतील." पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं एका ओळीत देता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

फोन घेताना आपण काय काय बघतो? प्रोसेसर, रॅम, बॅटरी किती एमएएच, चार्जर किती वॅटचा. चार यूट्यूब व्हिडिओ बघितल्याशिवाय कुणी फोन घेत नाही. आणि शूज घेताना? रंग, डिस्काउंट आणि स्टार रेटिंग. खरं तर शूजच्या पेजवरही खाली बारीक अक्षरात स्पेसिफिकेशन दिलेलं असतं: सोल मटेरियल अमुक, क्लोजर तमुक. ते वाचता आलं की अर्धं काम होतं.

आधी पावलं मोजा

फोनमधलं स्टेप काउंटर उघडा आणि गेल्या महिन्याची सरासरी बघा. समजा रोजची ८,००० पावलं आहेत. लोकल, बस, कॉलेजचे जिने धरून एवढी सहज होतात. एक पाऊल ७० सेंटिमीटरचं धरलं तर दिवसाला ५.६ किलोमीटर झाले. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १,६८० किलोमीटर.

आता ट्रेकचा हिशोब करा. वर्षाला २० ट्रेक म्हणजे चांगलाच फिरणारा माणूस. एका ट्रेकला सरासरी १२ किलोमीटर चाल धरली तर वर्षाचे होतात २४० किलोमीटर. म्हणजे तेच शूज रोज घातले तर ७ वर्षांच्या ट्रेकइतकं चालणं एका वर्षात उरकतं!

हायकिंग शूजच्या आयुष्याचा जो ठोकताळा सगळीकडे सांगतात तो ८०० ते १,६०० किलोमीटरचा आहे. ठोकताळाच तो. तुमचं वजन, चालायची पद्धत, जमीन कशी, यावर बराच फरक पडतो. पण आपल्या १,६८० च्या आकड्याशी तुलना केली की एवढं कळतं की रोज वापरलेला जोड वर्षभरातच थकणार, आणि स्वस्तातला असेल तर त्याच्याही आधी. यात कंपनीने फसवलं असं काही नाही. किलोमीटर संपले, एवढंच.

खरा घोळ पुढे आहे. बहुतेक जण नवे शूज जुलै-ऑगस्टमध्ये घेतात, एक-दोन ट्रेक करतात, मग वर्षभर रस्त्यावर झिजवतात आणि पुढच्या पावसाळ्यात तेच शूज घालून हरिहरच्या पायऱ्या चढायला जातात. म्हणजे ज्या दिवशी ग्रिपची सगळ्यात जास्त गरज, त्या दिवशी पायात सगळ्यात झिजलेला सोल.

सोल: टायरसारखा विचार करा

शूजच्या तळाला तीन थर असतात. जमिनीला लागतो तो आउटसोल, त्याच्यावर मऊ फोमचा मिडसोल आणि आत पायाखाली इनसोल, जो आपण काढून धुवू शकतो.

आउटसोलवर जे उंचवटे असतात त्यांना लग्ज म्हणतात. ट्रेकिंग शूजमध्ये ते साधारण ४-५ मिलिमीटर उंच असतात. यांची गोष्ट भारी आहे. १९३५ साली आल्प्समध्ये पुंता रासिका नावाच्या शिखरावर एका मोहिमेत ६ गिर्यारोहक गेले. त्या काळी खिळे ठोकलेले चामड्याचे जड बूट घालून पायथ्यापर्यंत जायचं आणि कड्यावर चढताना हलके पातळ बूट घालायचे, अशी पद्धत होती. हवामान बिघडलं, थंडी वाढली, आणि ते हलके बूट बर्फात काहीच कामाचे नव्हते. त्या मोहिमेत असलेला इटालियन गिर्यारोहक विताले ब्रामानी यानं मग पिरेली या टायर कंपनीच्या मदतीनं रबरी सोल तयार केला. १९३७ च्या त्या डिझाइनचं नाव होतं 'कारारमातो', म्हणजे रणगाडा, कारण नक्षी रणगाड्याच्या पट्ट्यासारखी होती. विताले आणि ब्रामानी या दोन नावांतून 'विब्रम' हे नाव झालं. पिवळ्या अष्टकोनी लोगोचे सोल तुम्ही पाहिले असतील, तेच हे. १९५४ मध्ये इटलीच्या टीमनं के-टू पहिल्यांदा सर केलं तेव्हा त्यांच्या बुटांना हेच सोल होते.

मुद्दा काय, तर लग्ज चिखल, माती आणि खडीसाठी आहेत. मऊ जमिनीत ते रुततात आणि पकडतात. डांबरावर किंवा स्टेशनच्या फरशीवर रुतायला काही नसतं. मग सगळं वजन फक्त त्या उंचवट्यांच्या टोकांवर येतं आणि तीच टोकं घासली जातात. गाडीचे ऑफ-रोड टायर हायवेवर लवकर झिजतात, तसंच. शिवाय सपाट फरशीला टेकणारा रबराचा भाग कमी असल्यामुळे ओल्या टाइल्सवर हे शूज साध्या सपाट सोलपेक्षा जास्त सटकू शकतात. "एवढे महागाचे ट्रेकिंग शूज आणि मॉलमध्ये घसरलो" ही तक्रार मी कितीदा तरी ऐकलीय. डिझाइन बघितलं तर त्यात नवल काहीच नाही.

आता रबराचं. मऊ रबर दगडाला चांगलं चिकटतं पण लवकर झिजतं. कडक रबर टिकतं पण ओल्या कातळावर पकड कमी. फोनमध्ये फुल ब्राइटनेस आणि दोन दिवसांची बॅटरी एकत्र मिळत नाही, तसा हा सौदा आहे. 'सुपर ग्रिप आणि सुपर टिकाऊ' असं दोन्ही लिहिलेलं दिसलं की मी पुढच्या प्रॉडक्टवर जातो. आणि एक सांगून ठेवतो: शेवाळ धरलेल्या ओल्या बेसाल्टवर कुठलंच रबर भरवशाचं नाही. तिथं पाय बघूनच टाकायचा.

ऑनलाइन पेजवर सोल मटेरियलसमोर 'रबर' लिहिलं असेल तर बरं. 'टीपीआर' म्हणजे थर्मोप्लास्टिक रबर, स्वस्त आणि हलकं, रोजच्या वापराला ठीक, पण चांगल्या रबराच्या तुलनेत लवकर घासलं जातं. 'पीव्हीसी' लिहिलं असेल तर पावसाळी ट्रेकचं नाव काढू नका, ओल्यात ते घसरतं. आणि फक्त 'ईव्हीए' किंवा फक्त 'पीयू' लिहिलं असेल तर खाली रबराचा थरच नाही, नुसता फोम आहे असं समजा. दिसायला ते हुबेहूब ट्रेकिंग शूज असतात.

फोम: आराम इथेच असतो आणि इथेच संपतो

शूज दुकानात घातल्यावर "वा, काय मऊ आहेत" असं वाटतं ते मिडसोलमुळे. बहुतेक शूजमध्ये हा ईव्हीए नावाचा फोम असतो. आत हवेचे लाखो बारीक कप्पे. प्रत्येक पावलाला ते दबतात आणि परत फुगतात. हळूहळू काही कप्पे दबले की परत उठतच नाहीत. फोम बसतो, गादी बसते तसा. बाहेरून शूज चकाचक दिसतात पण संध्याकाळी टाच दुखते.

१९८५ मध्ये अमेरिकेत धावण्याच्या शूजवर एक अभ्यास झाला होता. मशीननं शूजवर सतत मार दिला, तर साधारण ४०० ते ८०० किलोमीटरच्या टप्प्यात त्यांची धक्का झेलण्याची ताकद नव्याच्या ६० टक्क्यांच्याही खाली आली. तेव्हाचे फोम वेगळे होते आणि हायकिंग शूजचा फोम मुळात कडक असतो, त्यामुळे आकडा जसाच्या तसा लावू नका. पण वरून नवे दिसणारे शूज आतून म्हातारे असू शकतात, हे त्यातून कळतं.

त्या कडकपणाचंही समजून घ्या. ट्रेकिंग शूजचा सोल मुद्दाम ताठ ठेवतात, काहींमध्ये तर मधे पट्टी असते, म्हणजे टोकदार दगड तळव्याला टोचत नाहीत. डोंगरात हे वरदान आहे. सपाट रस्त्यावर मात्र पाय नैसर्गिकरीत्या वाकत नाही आणि दिवसभर घातले की पोटऱ्या भरून येतात. वजनाचाही हिशोब आहे. सैनिकांच्या बुटांवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं की पायावरच्या एक किलोला पाठीवरच्या एक किलोच्या साधारण चार ते सहा पट ताकद लागते. घोट्याच्या वर जाणारा जड बूट घालून रोज दादरचा जिना चढायची काही गरज नाही.

बाइकवाल्यांसाठी एक गोष्ट, जी कुठल्याच रिव्ह्यूत सांगत नाहीत. जाड सोलमुळे गिअर आणि मागच्या ब्रेकचा अंदाज पायाला नीट येत नाही. आणि गिअर वर टाकताना डाव्या बुटाच्या चवड्यावर रोज घासून घासून जाळी फाटते. उजवा बूट नवा, डावा भिकारी, अशी जोडी दिसली की मालक बाइकवर फिरतो हे समजून जायचं! चवड्यावर रबराचा किंवा चामड्याचा तुकडा शिवलेला असेल तर हे लांबतं.

कपाटात ठेवले तरी म्हातारे होतात

"मग मी फक्त ट्रेकलाच घालीन, बाकी वेळ बॉक्समध्ये." थांबा. इथे फोनच्या बॅटरीचं उदाहरण तंतोतंत लागू पडतं. बॅटरी दोन प्रकारे म्हातारी होते. एक, चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांनी. दुसरं, नुसत्या वेळेनं, ड्रॉवरमध्ये पडून राहिली तरी. शूजचंही असंच आहे. एक मीटर किलोमीटरचा, दुसरा कॅलेंडरचा.

कॅलेंडरचा मीटर सगळ्यात जोरात पळतो तो पीयू म्हणजे पॉलियुरेथेन फोममध्ये. चांगल्या, महाग बुटांत हा मिडसोल वापरतात कारण तो ईव्हीएइतका पटकन बसत नाही. पण बऱ्याच प्रकारच्या पीयूची हवेतल्या ओलाव्याशी हळूहळू रासायनिक क्रिया होते आणि त्याच्या लांब साखळ्या तुटत जातात. याला हायड्रोलिसिस म्हणतात. साधारण ५ ते १० वर्षांत फोम आतून भुसभुशीत होतो. बाहेरून काही दिसत नाही. मग एक दिवस ट्रेकवर निम्म्या वाटेत सोल असा सुटतो की बूट मगरीसारखा तोंड उघडतो. दमट आणि गरम हवेत ही क्रिया वेगानं होते, म्हणजे मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथल्या लोकांनी जास्तच लक्ष द्यायला हवं.

गंमत अशी की बूट बनवणाऱ्या काही युरोपियन कंपन्या स्वतःच सांगतात की असे बूट अधूनमधून घालत जा. चालताना फोम दबतो-सुटतो आणि आत साचलेला ओलावा बाहेर पडत राहतो. त्यामुळे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलेला बूट वापरातल्या बुटाच्या आधी मरू शकतो. "काकांनी ८ वर्षांपूर्वी अमेरिकेहून आणलेले, एकदाही न घातलेले" शूज फुकट मिळत असतील तर जरूर घ्या, पण थेट कळसूबाईला घालून जाऊ नका. आधी आठवडाभर सोसायटीच्या जिन्यात चालून बघा. मिडसोलला नख दाबा. बारीक भेगा दिसल्या, चिकट लागलं किंवा भुगा निघाला तर ते शूज गेले.

वॉटरप्रूफ: आपल्याकडे उलटं का होतं?

फोनवर आयपी ६८ लिहिलेलं असतं, तसं शूजवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं आणि आपण हजार-दोन हजार जास्त मोजतो. पण फोनला फक्त पाणी आत येऊ द्यायचं नसतं. शूजला आतलं पाणी बाहेरही काढायचं असतं, कारण पायाला घाम येतो. दोन्ही पायांत मिळून घामाच्या सुमारे अडीच लाख ग्रंथी असतात.

यावर उपाय म्हणून १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनचाच प्लॅस्टिक प्रकार झटक्यात ताणून त्याचा सच्छिद्र पडदा बनवला. त्यातूनच पुढे गोर-टेक्स आलं. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी लहान आणि वाफेच्या कणापेक्षा कितीतरी मोठी असतात. म्हणून थेंब आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. आयडिया जबरदस्त आहे.

पण वाफ बाहेर जायला कारण लागतं. बुटाच्या आत ऊब आणि दमटपणा जास्त, बाहेर थंड आणि कोरडं, असा फरक असला की वाफ बाहेर ढकलली जाते. हिमाचलमध्ये, युरोपात हा फरक असतो. जुलैत लोणावळ्याला किंवा डोंबिवलीला बाहेरची हवाच एवढी दमट असते की फरक जवळपास उरत नाही. मग पडदा असून नसल्यासारखा, आणि पाय घामानंच ओले. त्यात आपला पाऊस वरून येतो, ओढा गुडघ्यापर्यंत येतो, पॅंटवरून ओघळून पाणी थेट बुटाच्या तोंडातून आत जातं. आत गेलेलं पाणी थेंबाच्या रूपात असतं, ते त्या पडद्यातून बाहेर येत नाही. तयार झाली बादली!

म्हणून सह्याद्रीतल्या पावसाळ्यासाठी आणि रोजच्या वापरासाठी माझं मत स्पष्ट आहे: वॉटरप्रूफचे पैसे वाचवा, साधी जाळी घ्या. भिजेल, पण पाणी निघून जाईल आणि लवकर वाळेल. हिवाळ्यात हिमालयात जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

मग घ्यायचं काय?

बजेट एकाच जोडाचं असेल तर घोट्याच्या खालचे, जाळीचे, रबरी आउटसोल आणि ईव्हीए मिडसोल असलेले शूज घ्या. लग्ज फार खोल नकोत, एकमेकांच्या जवळ असलेले, वरून सपाट असे हवेत. राजमाची, लोहगडसारख्या वाटांना हे पुरतात आणि ऑफिसातही विचित्र दिसत नाहीत.

साइज ऑनलाइन घेत असाल तर ए-फोर कागद भिंतीला लावून त्यावर टाच भिंतीला टेकवून उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटाची खूण करा. हा कागद २९.७ सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे पट्टी नसली तरी अंदाज येतो. माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजतात. दोन्ही पायांचं घ्या आणि मोठा पाय धरा. पुढे अंगठाभर जागा हवी, नाहीतर गड उतरताना बोटं आपटून नखं काळी होतात.

दोन जोड जमत असतील तर मी क्रम असा ठेवतो: नवा जोड आधी डोंगरावर. पहिले दोन आठवडे घराजवळ घालून पायाला सवय करून घ्यायची, मग फक्त ट्रेक. लग्ज बोथट झाले की तोच जोड रोजच्या वापरात आणायचा आणि ट्रेकसाठी नवा घ्यायचा. रस्त्यावर लग्ज नसले तरी बिघडत नाही. पैशाचं बघा: २,५०० रुपयांचा जोड ८०० किलोमीटर चालला तर किलोमीटरला तीन रुपये पडतात. ही महागाची ग्रिप फरशीवर घासायची की कातळावर वापरायची, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

झीज कळायला फोन वापरा. नव्या सोलचा फोटो काढून ठेवा आणि दर महिन्याला त्याच अँगलनं परत काढा. टाचेची बाहेरची कड आणि अंगठ्याखालचा भाग आधी जातो. तिथलं रबर गुळगुळीत झालं की ते शूज पावसाळी ट्रेकमधून रिटायर.

दोन शब्द काळजीबद्दल. भिजलेले शूज इनसोल काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून, पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात किंवा हीटरसमोर ठेवले तर डिंक सैल होतो आणि सोल सुटतो. वॉशिंग मशीनचंही तेच.

आणि सोल सुटलाच तर? सुटलेल्या जागेवर बोट फिरवा. फोम घट्ट आणि स्वच्छ असेल तर फक्त डिंक गेलाय. नाक्यावरच्या बूट शिवणाऱ्या काकांकडे न्या, सोल्युशन लावून वर चारी बाजूंनी शिलाई मारून घ्या. थोड्या पैशांत काम होतं आणि वर्षभर सहज निघतं. बोटाला भुगा लागला तर फोमच मेलाय, त्याला चिकटवायला काही धरच नाही, पैसे घालवू नका. ट्रेकवर हे घडलं तर सोलखालून नाडी घेऊन वर बांधा आणि सावकाश खाली उतरा. माझ्या सॅकमध्ये त्यासाठी दोन मीटर नायलॉनची दोरी कायम असते. आजवर ती कामाला आली तेव्हा प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी 'एकदम नव्यासारख्या' शूजसाठी आली.